डब्यातली चार नावं

१

नाव चोरीला गेलं तेव्हा तंबूत साठ माणसं होती, आणि त्यातल्या फक्त चौघांना ते नाव माहीत होतं.

बुधवारची संध्याकाळ होती. फुलांची मिरवणूक अकरा दिवसांवर आली होती. तंबूच्या मधोमध वाडीच्या रथावर, जेवणाच्या टेबलाभोवती, सहा अस्वलं बसली होती, प्रत्येक दुमजली घराएवढं उंच. अजून ती कागद आणि पुठ्ठ्याचीच होती; डालियाची फुलं चढणार ती शेवटच्या तीन दिवसांत. अस्वलं सहा, खुर्च्या मात्र सात. सातवी रिकामी.

कोपऱ्यातल्या लांब बाकावर गेरदीनबाई मुलांना कागद फाडायला शिकवत होत्या. "जोर करू नकोस रे. कागदाला स्वतःची एक दिशा असते. ती शोध, मग तो आपणहून फाटतो." बाईंनी गावातल्या शाळेत अडतीस वर्षं काढली होती. तंबूतल्या निम्म्या लोकांना पाढे त्यांनीच शिकवले होते.

तेवढ्यात लिदविन ओरडली, "अरे, हे काय!"

लिदविन बेकरी चालवायची आणि दरवर्षी वाडीच्या रथाची पत्रकंही तीच करायची. उपड्या क्रेटवर बसून ती फोनवर पाहत होती, की रथाच्या नावाचं युजरनेम मोकळं आहे का. ते पत्रकावर छापायचं होतं. पडद्यावर लाल अक्षरं आली होती: हे नाव आधीच घेतलेलं आहे.

"नाव अधिक डोर्नहूक, असं जोडून टाकलंय मी," ती म्हणाली. "आपल्या वाडीचं नाव लावून दुसरं कोण घेईल?"

शेफ नावाचा वाडीचा अध्यक्ष शिडीवरून उतरला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला. गेल्या वर्षीही असंच झालं होतं. ऐनवेळी युजरनेम दुसऱ्या कुणाचं तरी निघालं, छापलेली पत्रकं रद्दीत गेली, आणि मिरवणुकीतल्या बाकीच्या अठरा वाड्या शेफला वर्षभर हसत होत्या. रथाचं नाव शेवटच्या शुक्रवारपर्यंत गुपित ठेवायचं, हा सगळ्या वाड्यांचा नियम. ते फुटणं म्हणजे नाक कापलं जाणं.

"चौघांनाच ठाऊक होतं," शेफ म्हणाला. "मी, लिदविन, योरिस." मग तो वळला. "आणि ती."

ती म्हणजे फेन्ना. वय सोळा. रथाचं मूळ चित्र तिचं होतं. ती अस्वलाच्या पंजाला खळ लावत होती.

"मोलनाइंड वाडीत तुझी मैत्रीण आहे ना गं? दिवसभर फोन हातात असतो तुझ्या!"

"शेफ, मी कुणालाही..."

"पोलिसांत देईन मी हे प्रकरण! ॲपच्या कंपनीला लिहीन! तोवर तू तंबूत पाऊल टाकायचं नाहीस. आणि मिरवणुकीत पाटी घेऊन पुढे चालायचं तर विसरच!"

तंबूच्या दारापाशी एक फळा होता. त्यावर सगळ्यात वर लिहिलेलं होतं: चित्रकार, फेन्ना. शेफनं जाड काळा मार्कर घेतला आणि त्या नावावर आडवी रेघ मारली.

फेन्नानं ब्रश बादलीत ठेवला, ॲप्रन काढून नीट घडी केली आणि ती निघून गेली. साठ माणसं बघत राहिली. एकानंही तोंड उघडलं नाही.

बाईंनीही नाही. सायकलवरून घरी जाताना त्यांना राग आला तो आधी स्वतःचाच.

२

गुरुवारी दुपारी बाई फेन्नाच्या घरी गेल्या. फेन्ना स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. टेबलाला सात खुर्च्या होत्या. खिडकीजवळची एक तिच्या आजोबांची. थंडीच्या शेवटी, फेब्रुवारीत ते गेले, आणि अजून त्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं. बाईही बसल्या नाहीत.

"आलात उलटतपासणी घ्यायला?" फेन्नानं विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "आणि काल गप्प बसले त्याची माफी मागायला. आधी माफी. मी चुकले."

फेन्नानं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते, पण ओठ पांढरे पडले होते. "मी कशाला चोरीन, बाई? नाव माझं आहे. चित्र माझं आहे. ही खुर्ची माझ्या आजोबांची आहे! आजोबांनी चाळीस वर्षं त्या तंबूत पुठ्ठे चिकटवले. त्यांच्यासाठी मला पुढे चालायचं होतं, बस्स. तो मेला शेफ..."

"शिव्या नंतर देऊ, दोघी मिळून. आधी सांग, नाव ठरलं कसं?"

"नेहमीसारखंच. डब्यातून."

ही डोर्नहूकची जुनी चाल होती. चौघांनी एकेका चिठ्ठीवर एकेक नाव लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. अध्यक्षानं रविवारी डबा घरी न्यायचा आणि सगळी नावं स्वतःच्या हातानं एका कागदावर उतरवायची, म्हणजे कुणाचं अक्षर कुणाला ओळखू येऊ नये. सोमवारी ती वाचून दाखवायची आणि मतं घ्यायची.

"कोणकोणती नावं होती?"

"सातवी खुर्ची, ते माझं. मग अस्वलांचा रविवार. आणि ताट वाढलंय. सातवी खुर्चीला तीन मतं पडली."

"आणि चौथं?"

"चौथं नव्हतंच. तीनच वाचली शेफनं. मला वाटलं, कुणीतरी कोरी चिठ्ठी टाकली असेल."

"त्या चोरलेल्या खात्यावर काय आहे? फोटो? काही लिहिलंय?"

"काहीच नाही. फोटो नाही, मजकूर नाही, कुणाशी ओळख नाही. कोरंच. ऑगस्टमध्ये उघडलंय, एवढंच दिसतं." फेन्नानं टेबलावर मूठ आपटली. "मी चोरलं असतं ना बाई, तर निदान शेफचा एखादा वेडावाकडा फोटो तरी टाकला असता!"

बाईंना हसू आलं, पण मनात एक काटा रुतला. मोलनाइंडच्या कुणी नाव पळवलं असतं, तर आतापर्यंत गावभर टिंगल झाली असती. हा कसला चोर, जो घरात शिरतो, कुलूप लावतो आणि काही न नेता निघून जातो?

३

"एक पाव दे," त्याच संध्याकाळी बेकरीत बाई म्हणाल्या, "आणि ते युजरनेम कसं तपासतात ते मला शिकव."

लिदविननं हात पुसले. ती ताणात होती. "बाई, माझ्यावरही संशय आहे का?"

"चौघांवर आहे. तुझी चिठ्ठी कुठली?"

"अस्वलांचा रविवार. आणि मत मी फेन्नालाच दिलं. ते नाव ऐकून मला रडू आलं होतं, खरं सांगते." तिनं आवाज खाली आणला. "मला काही पटलं नाही हो, पोरीला असं हाकलणं. मी कंपनीकडे तक्रार लिहायला घेतली होती. खातं कुणी उघडलं ते निदान कळलं असतं. पण आज सकाळी सातलाच शेफचा फोन आला. म्हणाला, तक्रार नको, राहू दे, विषय संपला. दुसरं युजरनेम घे."

"काल तर पोलिसांत जायला निघाला होता ना?"

"तेच म्हणते मी. रात्रीत एवढा थंड कसा झाला?"

बाईंनी ते मनात टिपून ठेवलं. "बरं, दाखव."

लिदविननं फोन काउंटरवर ठेवला. इथं नाव टाकायचं. मोकळं असलं तर हिरवी खूण, नसलं तर लाल अक्षरं. तिनं सातवी खुर्ची टाकलं. लाल.

"पण तराजू बरोबर आहे हे कशावरून?" बाईंनी विचारलं. "मी मुलांना आधी तराजू तपासायला लावायची. माहीत असलेलं वजन ठेवा, मग काटा बघा. एखादं असं नाव टाक, जे नक्की मोकळं असेल. तुझंच टाक, हरलेलं. ते घेऊन कुणाला काय करायचंय?"

लिदविननं अस्वलांचा रविवार टाकलं, पुढे डोर्नहूक जोडलं.

लाल.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लिदविनच्या कपाळावर आठी पडली. तिनं न विचारताच तिसरं टाकलं, ताट वाढलंय.

लाल.

"तराजू बिघडलाय की काय?"

"थांब." बाईंनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, त्या दिवशीच्या पावाचं नाव टाकलं आणि पुढे डोर्नहूक. हिरवी खूण आली. तराजू ठीक होता.

चोरानं हरलेली नावंसुद्धा पळवली होती.

४

योरिस त्याच्या कारखान्यात वेल्डिंग करत होता. रथांचे सगळे लोखंडी सांगाडे तोच करायचा. बाईंना पाहून त्यानं तोंडावरचा पडदा वर सरकवला.

"माझी पाळी का? या. माझ्या बायकोचा भाऊ मोलनाइंडचा, म्हणून ना? सगळी वाडी मनात तेच म्हणते. तोंडावर कुणी म्हणत नाही. मी पहाडाएवढा धिप्पाड आहे आणि पोरगी काटकुळी, म्हणून तिच्यावर ढकललं!"

"ओरडू नकोस, मी बहिरी नाही. तुझा फोन दाखव."

त्यानं खिशातून बटणांचा जुना फोन काढला. काच फुटलेली. "यावर बायको ओरडलेली ऐकू येते, एवढंच. ॲप कुठलं!"

"बायकोचा फोन असेल की घरात."

"असेल. मग विचारा तिला. मला तिच्या फोनला हात लावायची परवानगी नाही."

बाई लोखंडी स्टुलावर टेकल्या. "योरिस, त्या डब्यात चार चिठ्ठ्या होत्या. सातवी खुर्ची फेन्नाची, अस्वलांचा रविवार लिदविनची. ताट वाढलंय कुणाचं?"

"शेफचं. त्यालाच त्याचं मत पडलं, एकुलतं एक."

"मग तुझं कुठंय?"

योरिसच्या दाढीत हसू फुटलं. "तुम्हाला कळलंच शेवटी. त्यानं वाचलंच नाही ते! मला वाटलं होतं, मोठ्यानं वाचेल आणि मग त्याला कळेल. घरीच कळलं वाटतं."

"काय लिहिलं होतंस?"

"खुर्च्या सात, बसलेली अस्वलं सहा. मी लिहिलं: अध्यक्ष अजून उभेच." तो खो खो हसला. "दर बैठकीत बघा ना, सगळे बसतात, हा उभा राहून दीड तास बोलतो!"

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. बायकोलासुद्धा नाही. चिठ्ठी गुप्त म्हणजे गुप्त. चेष्टा वेगळी, नियम वेगळा."

बाईंनी पिशवीतून स्वतःचा फोन काढला. लिदविननं त्यावर ते ॲप घालून दिलं होतं. एक एक अक्षर शोधून त्यांनी नाव टाकलं. अध्यक्ष अजून उभेच. पुढे डोर्नहूक.

योरिसही वाकून बघायला लागला. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

लाल.

५

शनिवारी सकाळी बाई डालियाच्या शेतावर गेल्या. शेफ ओळींमधून हिंडत कळ्या बघत होता. बाईंना पाहून त्यानं टोपी काढली. बावन्न वर्षांचा गडी, पण बाईंसमोर अजून टोपी काढायचा.

"फुलं छान धरलीत," बाई म्हणाल्या.

"हो, बाई. पाऊस नाही आला तर..."

"चारही नावं घेतलेली आहेत, शेफ."

शेफनं टोपी मुठीत चुरगळली.

बाईंनी आवाज चढवला नाही. तो त्यांनी वर्गातही कधी चढवला नव्हता. "गणित सोडवू या. ज्याला आपला खेळ बिघडवायचा असेल, तो जिंकलेलं नाव पळवील. हरलेल्या नावांना कोण विचारतं? चारही घेणाऱ्याला, कुठलं जिंकणार ते माहीत नव्हतं. म्हणजे ती घेतली मतदानाच्या आधी. आता, मतदानाच्या आधी फेन्नाला एक नाव माहीत होतं, स्वतःचं. लिदविनला एक. योरिसला एक. चारही कुणाला माहीत होती?"

शेफ पायाखालच्या मातीकडे बघत होता.

"तरी मला वाटलं, एखादा कावेबाज नंतरही घेऊ शकतो, आपल्याला चकवायला. पण योरिसचं नाव तू वाचलंच नाहीस. फेन्नाला आणि लिदविनला ते आजतागायत माहीत नाही. आणि योरिसनं रागानं केलं असतं, तर सगळ्यात आधी ती चेष्टाच त्या खात्यावर झळकली असती. चारही खाती कोरी आहेत. ज्यानं उघडली, त्याला आपण काही उघडतोय हेच कळलं नव्हतं. हो ना?"

"गेल्या वर्षी एवढी शोभा झाली," शेफ हळूच म्हणाला. "म्हटलं, यंदा मतदानाआधीच तपासू, म्हणजे जे मोकळं नसेल ते वाचायलाच नको. ॲप विचारत गेलं, जन्मतारीख, फोन नंबर, मी भरत गेलो. शेवटी हिरवी खूण आली. मला वाटलं, झाली तपासणी. चारही मोकळी." त्यानं घाम पुसला. "योरिसचं नाव मला तिसऱ्यांदा वाचल्यावर कळलं, म्हणून गाळलं."

"इथवर चूक आहे. चुकीवर मी कुणाला रागावत नाही. बुधवारी तंबूत ओरडलास, तेव्हाही तुला खरंच माहीत नव्हतं, ते मी मानते. पण कळलं कधी?"

"बुधवारीच. रात्री फोन बघितला तर चार खाती माझ्याच नंबरवर."

"आणि गुरुवारी सकाळी सात वाजता लिदविनला फोन केलास." आता मात्र बाईंचा आवाज थरथरला. "तक्रार नको म्हणायला! त्या पोरीला एक फोन नाही केलास. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. ती आजोबांच्या खुर्चीसमोर बसून होती, चोर म्हणून. आणि तू इथं कळ्या मोजत होतास!"

"बाई, मी सांगणारच होतो. मिरवणूक झाल्यावर. तिच्या घरी जाऊन, शांतपणे..."

"शांतपणे? मासे कुणी मारले होते, शेफ?"

तो दचकला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी वर्गातली माशांची काचेची पेटी फुटली होती. बाईंनी आठ वर्षांच्या शेफला दिवसभर व्हरांड्यात उभं केलं होतं. संध्याकाळी कळलं, की पेटी वाऱ्यानं आपटलेल्या खिडकीनं फुटली.

"मी नव्हते मारले," तो म्हणाला. आवाज एकदम त्या मुलाचाच झाला.

"नव्हतेस मारले. मी चुकले होते. मग मी तुझी माफी कुठं मागितली?"

"वर्गात," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"मिरवणूक झाल्यावर?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. घंटा झाल्या झाल्या."

"टोपी घाल," बाई म्हणाल्या, "आणि चल."

तंबूत शनिवारची गर्दी होती. बाईंनी सकाळीच फेन्नाला निरोप धाडला होता. ती दाराबाहेर सायकल धरून उभी होती, आत यायला तयार नव्हती. शेफ एका क्रेटवर चढला. खळीचे ब्रश थांबले. मुलांनी कागद फाडायचे थांबवले. त्यानं सगळं सांगितलं, अडखळत, पण काही न गाळता. बुधवारी रात्री कळलं होतं, हेही सांगितलं. त्यावर तंबूत जो गलका उठला, तो काही प्रेमाचा नव्हता.

"लाज वाटते का रे?" मागून एक आजी ओरडली.

"वाटते," शेफ म्हणाला.

"तुम्हालाही वाटू द्या थोडी," बाई म्हणाल्या. "साठ जण होतो आपण, मी धरून. एका रेघेला कुणी हरकत घेतली नाही."

गलका थांबला. शेफचं बोलून झालं होतं, पण उतरावं की नाही हे त्याला कळेना. तो तसाच राहिला. सांगाड्याआडून योरिसचा जाड आवाज आला, "अध्यक्ष अजून उभेच." मुलं तेवढी हसली.

फेन्ना आत आली. शेफच्या क्रेटशेजारून पुढे गेली आणि फळ्यापाशी थांबली.

"ही रेघ कुणी मारली?"

"मी."

"मग तुम्हीच पुसा."

मार्कर पक्का होता, पुसला जाईना. शेफनं खाली नव्यानं लिहिलं: चित्रकार, फेन्ना. वरची काळी रेघ तशीच राहिली. फेन्नानं ती बराच वेळ पाहिली.

"राहू दे ती," ती म्हणाली. "दिसू दे."

मिरवणुकीच्या रविवारी सहा अस्वलं तांबड्या-पिवळ्या डालियांनी मढून रस्त्यावर आली. पुढे पाटी घेऊन फेन्ना चालत होती. शेफ यंदा अध्यक्षाचा पट्टा लावून पुढे मिरवला नाही. रथाच्या पोटात अंधारात राहून ढकलणाऱ्या चाळीस माणसांत तो होता, जिथून मिरवणूक दिसत नाही, फक्त पुढच्याची पाठ दिसते.

चौकात थोडा वेळ रथ थांबला, तेव्हा फेन्ना बाईंपाशी आली. सातव्या खुर्चीचं खातं आता तिच्या हाती होतं. तिनं त्यावरचा पहिला फोटो दाखवला: पांढऱ्या डालियांची रिकामी खुर्ची, वर मोकळं आभाळ.

"शेफनी काल पुन्हा माफी मागितली," ती म्हणाली. "घरी येऊन. आई म्हणाली, आता सोडून दे."

"मग?"

"नाही सोडलं अजून."

"बरं," बाई म्हणाल्या. "त्याला कुणी मुदत घातलेली नाही. जा, रथ निघाला."